वसंत बघायला जिना उतरला तरी पुरे

कोथरूडच्या एका आईने विचारलंय. घरात सात आणि अकरा वर्षांची दोन मुलं, गुडघे धरलेल्या सासूबाई आणि हिंजवडीहून रात्री आठला उगवणारा नवरा. थंडी सरून ऊन्हाळा लागायच्या मधले दिवस छान असतात हे दिसतं, पण गेल्या वर्षी त्यातले तीन रविवार गाडीतच गेले. एकदा ताम्हिणीच्या रस्त्यावर, दोनदा महाबळेश्वरच्या वाटेवर, आणि हाती आली ती स्ट्रॉबेरीची दबलेली खोकी. रोजच्या धबडग्यात सगळ्यांना मिळून या ऋतूची मजा कशी घेता येईल, आणि मुलांना झाडं ओळखायला शिकवायचं तर कुठून सुरुवात करावी, असा प्रश्न आहे.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि अजूनही रविवारी सकाळी कुणाकुणाच्या कुटुंबांना टेकडीवर घेऊन जाते. तरी माझं पहिलं सांगणं हेच, की यंदा कुठे जाऊ नका. निदान आधी जाऊ नका. दारापासून दोन मिनिटांच्या आत एक झाड निवडा आणि साधारण माघी पौर्णिमेपासून गुढीपाडव्यापर्यंत ते रोज बघा. एकच. दहा झाडांची नावं पाठ करणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. जूनमध्ये त्यातलं एकही नाव उरत नाही.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. आपल्याकडची झाडं मात्र तेवढं थांबत नाहीत, ती माघ-फाल्गुनातच कामाला लागतात, म्हणजे शिशिराची पानगळ आणि वसंताची पालवी एकाच रस्त्यावर, कधी एकाच झाडावर शेजारी-शेजारी चालू असते. उत्तरेकडच्या थंड देशांत झाड पानं गाळून महिनोन्‌महिने थंडीत उभं असतं. आपलं झाड पानं गाळतं ते पाण्यासाठी. ऑक्टोबरात पाऊस गेला की जूनपर्यंत तसा मोठा पाऊस नाही. जुन्या, झिजलेल्या पानांतून पाणी उडवत बसण्यापेक्षा ती टाकून दिलेली बरी. मग ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर कोवळी पालवी कशी परवडते? मुळं खोल असतात आणि जमिनीत थोडी ओल असते, त्या जिवावर. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगू नका. पंधरा दिवसांनी मोठी मुलगी किंवा मुलगा स्वतःच विचारेल, तेव्हा सांगा.

झाड कोणतं घ्यावं, यावर माझं मत ठाम आहे. पिंपळ मिळाला तर पिंपळ. पुण्यात तो शोधावा लागत नाही, जुन्या मारुतीच्या देवळाला असतो, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीच्या भिंतीतून फुटलेला असतो. पिंपळाची पानं पिवळी पडून झडतात, झाड काही दिवस उघडं राहतं, मग टोकदार कळे दिसू लागतात. कळ्यावरचं पातळ आवरण गळून पडतं आणि आतून तांबूस, कधी चक्क गुलाबी पान लोंबकळत बाहेर येतं. ते इतकं लुळं असतं की नवखा माणूस म्हणतो, सुकलं वाटतं. सुकलेलं नसतं. त्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं तयार झालेलं नसतं, लाल रंगद्रव्य आधी येतं. ते कोवळ्या पेशींना कडक उन्हापासून सांभाळतं. खाली लोंबल्यामुळेही ऊन थेट अंगावर येत नाही. दोनेक आठवड्यांत पान ताठ होतं, हिरवं होतं आणि वाऱ्यावर सळसळायला लागतं. ही सळसळ पहिल्यांदा कोणत्या दिवशी ऐकू आली, हे टिपून ठेवण्यासारखं आहे. कोवळं पान सळसळत नाही, हे बघणाऱ्यालाच कळतं.

आणखी एक गंमत म्हणजे दोन पिंपळ एका वेळी पालवत नाहीत. तुमच्या चौकातला उघडा असेल तेव्हा पुढच्या गल्लीतला हिरवागार असू शकतो. फळांचंही तसंच. पिंपळाची फुलं त्या बारक्या फळांच्या आत असतात आणि त्यांचं परागीभवन करणारी चिलटाएवढी गांधीलमाशी काही दिवसच जगते. तिला एका झाडातून निघून दुसरं फळं आलेलं झाड लगेच सापडायला हवं. सगळे पिंपळ एकदमच फळले असते तर उरलेलं वर्ष तिने काय केलं असतं?

पिंपळ नसेल तर कडुनिंब. तोही नसेल तर करंज, पण करंजाला बघणारा चटपटीत लागतो. मार्चमध्ये तो जुनी पानं टाकतो आणि बघता बघता लखलखीत पोपटी होतो. चार दिवस गावाला गेलात की गेलं सगळं. पर्जन्यवृक्ष घेऊ नका, या दिवसांत तो रस्त्यावर चिकट शेंगांचा सडा घालतो आणि मुलांना चपला धुवायचंच काम लागतं. गुलमोहराची मजा मेमध्ये. रस्त्याकडेची ती गुलाबी टॅबेबुयाची झाडं मार्चमध्ये फुलली की लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. काढा की, सुंदरच दिसतात. मध्य अमेरिकेतून आलेली पाहुणी आहे, तिच्याशी माझं वैर नाही. पण फोटो काढून झाला की तिच्याकडे पुन्हा बघायला कुणी जात नाही, हे मी बघितलं आहे.

आता वही. साधी दोनशे पानी, शाळेची उरलेली. रोज एक ओळ, तारीख आणि एक वाक्य. “आज वरच्या फांदीवर तीन लाल पानं” एवढं पुरे. “काहीच बदल नाही” हेही चालतं, उलट त्या ओळींमुळेच पुढची ओळ वाचताना मजा येते. लिहिणारा रोज वेगळा. सासूबाईंनी मोडीसारख्या वळणदार अक्षरात लिहिलं तर उत्तमच. चित्र काढायचं बंधन नको, पान चिकटवायचं बंधन नको, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बक्षीस नको.

हे बक्षिसाचं मी स्वतः चुकून शिकले. शाळेत एका वर्षी मी सातवीच्या वर्गाला हाच उपक्रम दिला आणि त्याला वीस गुण ठेवले. चाळीस वह्या आल्या. अडतीस जणांच्या झाडाला एकाच दिवशी, एकाच शब्दांत पालवी फुटलेली. त्यात दोन झाडं तर शाळेपासून चार मैलांवरची होती. उरलेल्या दोन वह्यांतल्या एकीत एका मुलाने सलग नऊ दिवस लिहिलं होतं, “झाडाखाली कुत्रं झोपलं आहे.” दहाव्या दिवशी, “कुत्रं उन्हात झोपलं. सावली राहिली नाही.” पानगळीबद्दल इतकं नेमकं वाक्य मला तरी सुचलं नसतं, आणि मी त्याला वीसपैकी आठ दिले होते. पुढच्या वर्षी गुण काढून टाकले. वह्या सतराच आल्या, पण सतराही वेगळ्या होत्या.

सोसायटीत आंबा असेल तर अकरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला वेगळं काम द्या. हाताला येणाऱ्या एका मोहोराच्या तुऱ्याला लाल दोरा सैलसर बांधायचा आणि दर रविवारी त्यावर काय उरलं ते मोजायचं. एका तुऱ्यात शेकड्याने, कधी हजाराच्या घरात फुलं असतात. त्यातली बरीचशी नरफुलं, त्यांना फळ धरतच नाही. बाकीच्यांतली पुष्कळ तुडतुडे, भुरी, ढगाळ हवा यांत जातात. वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरतात, त्याही टपाटप गळतात. शेवटी शंभर फुलांमागे एक आंबाही हाती लागत नाही. पहिल्या दोन रविवारी मूल आकडे उत्साहाने लिहितं, तिसऱ्या रविवारी घरी येऊन म्हणतं, “आई, संपलं सगळं.” धीर द्या, दोन-तीन असतात अजून. माझ्या मुलाच्या दोऱ्यावर एक वर्ष एकच कैरी राहिली होती आणि ती शेजारच्या काकूंनी आंबेडाळीत घातली. त्याने त्या घरी पंधरा दिवस पाऊल टाकलं नाही.

सासूबाईंना जिना उतरणं जमत नसेल तर कान त्यांच्याकडे सोपवा. गॅलरीत सकाळी सहा-साडेसहाला चहा घेऊन बसलं की या दिवसांत एकेक आवाज चढत जातो. दुपारी ऊन तापलं की लांब कुठेतरी हातोडीने तांब्याचं भांडं ठोकावं तसं टुक-टुक-टुक सुरू होतं, तो तांबट. चिमणीपेक्षा जरा मोठा, हिरवा पक्षी, दिसतो क्वचित. मार्चमध्ये दयाळ पहाटे विजेच्या तारेवर बसून असा काही गातो, की आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाची तक्रार कशी कुणी करत नाही याचं नवल वाटतं. आणि कोकीळ. “कोकिळा गाते” हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. गातो तो नर, काळाकुळकुळीत. मादी ठिपक्याठिपक्यांची तपकिरी, आणि ती किक-किक करून ओरडते. सात वर्षांच्या पोराला हे कळलं की ते आठवडाभर सगळ्यांना दुरुस्त करत फिरेल. तेवढं सहन करावं लागेल.

गच्ची उघडी असेल तर संध्याकाळचं एक काम. साडेसहा-पावणेसातला सूर्य कुठे बुडतो, ते समोरच्या इमारतीच्या कुठल्यातरी खुणेवरून ठरवायचं. पाण्याची टाकी, मोबाइलचा मनोरा, टेकडीची कड, काहीही. पायाखाली खडूने फुली मारून रोज तिथेच उभं राहायचं. या दिवसांत मावळता सूर्य रोज स्वतःच्या रुंदीच्या जवळजवळ पाऊण पट उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे सरकतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून २१ मार्चपर्यंत हे सरकणं हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षाही जास्त होतं. २१ मार्चच्या सुमारास तो बरोबर पश्चिमेला बुडतो आणि दिवस-रात्र सारखी होते. भूगोलाच्या पुस्तकात हे एका आकृतीत उरकलेलं असतं. गच्चीवर त्याला पाच आठवडे लागतात, पण मग ते विसरत नाही. शिवाय त्या वेळी पश्चिमेकडून जो वारा सुटतो तो दिवसभराचं ऊन उतरवतो. दुपारी बत्तीस-तेहेतीस आणि पहाटे बारा-तेरा, अशी ही हवा. सकाळी शाळेत जाताना स्वेटर, येताना तो कमरेला बांधलेला. पुण्याची थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते ती महाशिवरात्रीला, असं म्हणतात. त्यानंतरही आठवडाभर ती दारात घुटमळते, म्हणून गोधड्या धुवायची घाई करू नका.

स्वयंपाकघराबद्दल लिहायला लागले तर हे उत्तर संपायचं नाही, पण तीन गोष्टी सोडवत नाहीत. पहिली कवठाची. महाशिवरात्रीच्या आठवड्यात मंडईत कवठं दिसतात. फरशीवर हातभर उंचीवरून टाकून बघायचं. उसळलं तर कच्चं, धप्प करून बसलं तर पिकलेलं. मुलांना हे काम कमालीचं आवडतं, फक्त विक्रेत्याला विचारून करा. गूळ, जिरं, तिखट, मीठ घालून केलेली चटणी मुलं पहिल्या दिवशी नाकं मुरडून खातात, दुसऱ्या दिवशी मागतात. दुसरी गोष्ट ओल्या हरभऱ्याची. जुडी आणली की सोलाण्याच्या आमटीसाठी घाटे सोलायला सगळ्यांना बसवा. बोटं चाटली की आंबट लागतात, ती आंब. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक लव असते, तिच्यातून आम्ल पाझरतं. शेतकरी बायका पहाटे ओलं फडकं पिकावरून फिरवून ती आंब गोळा करत, पोटदुखीवर घरात ठेवत. अर्धे घाटे सोलतानाच पोटात जातात, म्हणून अर्धा किलो जास्त आणायचे.

तिसरी गोष्ट वाळवणाची, आणि इथे सासूबाईंच्या हाती सूत्रं द्या. कुरडया घरी करायच्या म्हणजे गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळून चीक खाली बसू द्यायचा. हे सगळं नोकरी सांभाळून जमेल असं मी म्हणणार नाही. पण एकदा, एका किलोचा, खास चीक खाण्यासाठीच घाट घालून बघा. कढईत शिजवलेला गरम चीक, वरून कच्चं तेल आणि मीठ, किंवा दूध-साखर. यावरून आमच्या घरात दोन तट आहेत आणि कुणी माघार घेत नाही. उरलेल्याच्या सोऱ्याने कुरडया घालून गॅलरीत वाळवा. कावळे हाकलायला काठी घेऊन खुर्चीत बसायचं काम गुडघे दुखणाऱ्या माणसाला अगदी साजेसं आहे. ते कमीपणाचं नाही. माझ्या आईने ते काम तिच्या शेवटच्या वर्षीही कुणाला दिलं नाही.

आता टेकडी. वेताळ टेकडी तुमच्या उशालाच आहे, तेव्हा एक सकाळ जाच, फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात. साडेसहाला चढायला लागा, साडेआठला खाली या. नऊनंतर ऊन लागतं आणि मुलं कुरकुरतात, त्यात त्यांचा दोष नाही. झाडीत फिकट जांभळट-गुलाबी फुलांचे गजरे लागलेल्या काठ्या दिसतील, ती गिरिपुष्प, खेड्यात उंदीरमारी म्हणतात. ती मूळची मेक्सिकोकडची, इथे लावलेली. आपले गडी म्हणजे काटेसावर, पांगारा, वारस, पिवळ्या धमक फुलांचा गणेर आणि पळस. पळसाला पानं तीनच म्हणतात, या दिवसांत तीही नसतात. काळ्या मखमली देठांवर केशरी चोची. पळसाचं संस्कृत नाव किंशुक, म्हणजे ‘हा पोपट की काय’. हे नाव देणाऱ्याने झाड नीट बघितलं होतं. पानं नसल्याने फुलं दुरून दिसतात आणि पक्ष्यांना बसायला मोकळी जागा मिळते. सूर्यपक्षी, मैना, बुलबुल मधासाठी येतात आणि डोक्याला पराग लावून पुढच्या झाडावर जातात. काटेसावरीखाली पाच मिनिटं गप्प बसा. तिचं जाड, मांसल फूल वरून पडतं ते थप्प असा आवाज करून. आजवर एकही मूल मला असं भेटलं नाही जे तो आवाज ऐकून हसलं नाही.

दोन-तीन गोष्टी सांभाळा. वाळक्या वेलीवर लव असलेल्या तपकिरी शेंगा दिसल्या तर हात लावू नका, ती खाजकुइली. एकदा अंगाला लागली की दिवस त्यातच जातो. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ आरडाओरडा, धूर, उग्र अत्तर नको. गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीत टेकडीची अख्खी बाजू जळते, तेव्हा कुणी काडी ओढताना दिसलं तर भीड न ठेवता बोला. आणि फुलं तोडायची नाहीत, पडलेली वेचायची.

वेचलेल्या पळसाच्या फुलांचा रंग करता येतो. ओंजळ-दोन ओंजळी फुलं रात्रभर पाण्यात भिजवा किंवा पाण्यात उकळा, पिवळसर केशरी पाणी मिळतं. त्यात खाण्याच्या चुन्याचं टोक घातलं की डोळ्यांदेखत गडद केशरी होतं. चुना मोठ्यांनीच घालायचा आणि टोक म्हणजे टोकच. पुण्यात रंग खेळायचा तो रंगपंचमीला. आता सगळीकडे धुळवडीलाच उरकतात, पण तुम्ही पंचमीला खेळलात तर फुलं वेचायला चार-पाच दिवस जास्त मिळतात, हा माझा व्यवहारी मुद्दा. तो रंग पांढऱ्या कपड्यावरून सहजी जात नाही. आमच्या बैठकीच्या भिंतीवर एक डाग आहे, दोनदा रंग मारला तरी पावसाळ्यात वर येतो.

यात एक अडचण येते ती आधीच सांगते. झाडं सूर्यावर चालतात, सण चंद्रावर. तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. गुढीपाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. म्हणजे तीन आठवड्यांचा फरक. पाडवा उशिरा आला की चटणीत घालायला कडुनिंबाचा मोहोर मिळतो, लवकर आला की नुसत्या कोवळ्या पानांवर भागवावं लागतं. ती चटणीही सासूबाईंना विचारूनच करा. चिंच, गूळ, जिरं, हिंग, ओवा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक घराला आपलंच बरोबर वाटतं. पुढच्या वर्षी वही उघडलीत की पाडव्याला झाड कुठवर आलं होतं ते कळेल. वहीची खरी मजा दुसऱ्या वर्षापासून आहे.

राहिला आठला घरी येणारा नवरा. त्याला पहाटे उठवून टेकडीवर नेण्याचा हट्ट करू नका, मी तो प्रयोग माझ्या घरी करून सोडून दिला आहे. त्याच्यासाठी कडुनिंब आहे. मार्च सरत आला की त्याला बारीक पांढरी फुलं येतात, आणि गंध येतो तो दिवस मावळल्यावर. हलका, गोडसर, झाड दिसायच्या आधी येणारा. जेवणं झाली की भांडी तशीच ठेवून चौघांनी खाली उतरायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि गंध कुठून सुरू होतो ती जागा शोधायची. वाऱ्याप्रमाणे ती रोज बदलते. सासूबाईंना गॅलरीतून विचारायचं, वर पोचला का म्हणून. सकाळी झाडाखालच्या स्कूटरच्या सीटवर फुलांचा भुगा पडलेला असेल, तो धाकट्याने बघितल्याशिवाय झटकू नका. त्या दिवशीची ओळ लिहायची पाळी त्याची असेल.